मिसळता मिसळता वेगळे

अमेरिकेतल्या हडसन नदीच्या खोऱ्यात १८६० च्या दशकात सफरचंदाच्या बागाईतदारांपुढे एक नवे संकट उभे राहिले. फळ बाहेरून धडधाकट दिसे, पण कापले की गरातून तपकिरी वाटा गेलेल्या आणि त्यांत पांढुरक्या अळ्या वळवळत असत. अळी होती एका लहानशा माशीची. पारदर्शक पंखांवर काळे पट्टे असलेल्या या माशीचे शास्त्रीय नाव ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला. माशी मूळची अमेरिकेचीच. हॉथॉर्न नावाच्या काटेरी झाडाच्या बारक्या लाल फळांत ती पिढ्यानपिढ्या अंडी घालत आली होती. सफरचंद मात्र तिकडचे नव्हे. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी ते सतराव्या शतकात नेऊन लावले. दोनेक शतके माशीने त्याकडे ढुंकूनही पाहिल्याची नोंद नाही. मग ती त्यावर उतरली आणि बागांमागून बागांत पसरत गेली.

बेंजामिन वॉल्श या कीटकतज्ज्ञाने या घटनेत किडीपलीकडचे काही पाहिले. तो जन्माने इंग्रज, केंब्रिजमध्ये डार्विनच्याच काळात शिकलेला आणि पुढे इलिनॉयमध्ये स्थायिक झालेला. डार्विनशी त्याचा पत्रव्यवहारही होता. त्याचे म्हणणे असे की, या माश्यांतला एक गट हॉथॉर्न सोडून सफरचंदावर सरकला आहे आणि अन्न बदलल्यामुळे तो स्वतंत्र प्रजाती होण्याच्या वाटेला लागला आहे. हॉथॉर्न आणि सफरचंद एकाच शिवारात, कित्येकदा हाकेच्या अंतरावर वाढतात. मध्ये डोंगर नाही, समुद्र नाही, माशीला ओलांडता येणार नाही असे काहीच नाही. तरीही एकीच्या दोन प्रजाती होऊ शकतील, असा त्याचा दावा होता.

पुढची शंभर वर्षे या दाव्याला फारसा मान मिळाला नाही, आणि त्यामागे सबळ कारण होते. विसाव्या शतकात प्रजातींच्या उगमाविषयी सर्वांत अधिकारवाणीने बोलणारा माणूस म्हणजे अर्न्स्ट मायर. जर्मनीत वाढलेल्या या पक्षिशास्त्रज्ञाने तरुणपणी न्यू गिनी आणि सॉलोमन बेटे पालथी घातली होती. तिथल्या लांब शेपटीच्या एका खंड्याचे उदाहरण तो नेहमी देई. न्यू गिनीच्या मुख्य भूमीवर, हवामान आणि झाडी बदलत गेली तरी, हा खंड्या थोड्याफार फरकाने सारखाच राहतो. शेजारच्या एकेका लहान बेटावर मात्र त्याचे रूप पालटलेले असते. मायरने १९४२ च्या आपल्या ग्रंथात प्रजातीची जी व्याख्या रूढ केली ती अशाच निरीक्षणांतून आलेली होती: आपसात प्रजनन करणारे आणि इतर समूहांपासून प्रजननाच्या बाबतीत अलग असलेले जीवसमूह म्हणजे प्रजाती. मग एका समूहाचे दोन कसे व्हावेत? आधी भूगोलाने त्यांची ताटातूट करावी, दोघे आपापल्या जागी बदलत जावेत आणि पुढे कधी भेट झालीच तर एकमेकांना परके ठरावेत. ताटातुटीशिवाय नवी प्रजाती होते असे सांगणाऱ्यांना मायरने १९६३ च्या ग्रंथात चांगलेच फैलावर घेतले.

त्याची बाजू दुबळी नव्हती. बेटे, दऱ्या, वाळवंटे आणि हिमयुगे यांनी दुभंगलेल्या समूहांचे पुरावे ढिगांनी आहेत आणि आजही बहुतेक अभ्यासक प्रजातींच्या जन्मात भूगोलाला मोठा वाटा देतात. शिवाय वॉल्शच्या बाजूने बोलणाऱ्यांपुढे तर्काचा एक कठीण पेच होता. तो नीट समजून घेतल्याशिवाय या विषयातले सौंदर्य हाती लागत नाही.

समजा, एका माशीसमूहात दोन प्रकारची जनुके आहेत. एका प्रकारामुळे सफरचंदात जगणे सोपे जाते. दुसऱ्यामुळे जोडीदार निवडताना सफरचंदवाल्यांकडे ओढा राहतो. नवी प्रजाती व्हायची तर ही दोन्ही जनुके एकत्र, एकाच माशीत टिकली पाहिजेत. पण दोन गटांत मीलन चालू असेल तर प्रत्येक पिढीत जनुकांची फेरमांडणी होते. हातात लागलेली पत्त्यांची सुरेख जुळणी दर डावाआधी पुन्हा पिसली जावी, तसे हे आहे. सफरचंदात जगणारी माशी हॉथॉर्नवाल्याच्या प्रेमात पडते, हॉथॉर्नला सरावलेली सफरचंदाकडे जाते आणि दोन गट एकमेकांत विरघळतात. जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी १९८१ साली गणिताच्या भाषेत हा आक्षेप मांडला आणि शीर्षकातच आपली साशंकता जाहीर केली. त्या लेखाला आता चार दशके उलटून गेली. या विषयातले जवळजवळ प्रत्येक चांगले संशोधन त्या आक्षेपाला दिलेले उत्तर म्हणून वाचता येते: फेरमांडणीतूनही जुळणी टिकते ती कशी?

सर्वांत सरळ उत्तर त्या माशीनेच दिले. गाय बुश यांनी १९६० च्या दशकात वॉल्शची सोडून दिलेली कल्पना पुन्हा हाती घेतली आणि पुढे जेफ्री फेडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा पिच्छा पुरवला. या माशीचे नर फळावर येऊन माद्यांची वाट पाहतात; मीलन फळावर किंवा त्याच्या आसपास होते आणि अंडीही तिथेच घातली जातात. त्यामुळे फळाची आवड आणि जोडीदाराची निवड या तिच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टीच उरत नाहीत. जिला सफरचंदाचा वास खुणावतो ती सफरचंदावर येते आणि तिथे तिला भेटणारा नरही त्याच वासाने ओढला गेलेला असतो. दोन जनुकांची जुळणी मोडण्याचा प्रश्न बराचसा मिटतो, कारण एकच गुण दोन्ही कामे करतो. प्रयोगांत तर असेही दिसले की, प्रत्येक गटाच्या माश्या आपल्या फळाच्या वासाकडे झेपावतात आणि दुसऱ्या फळाचा वास टाळतात. दोहोंच्या संकरातून झालेल्या माश्यांचा दोन्ही वासांना प्रतिसाद मंदावतो.

वेळापत्रकाचाही यात हात आहे. सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकते. माशीची वर्षातून एकच पिढी होते आणि प्रौढ माशी जेमतेम महिनाभर जगते. म्हणजे सफरचंदवाली माशी उशिरा बाहेर पडली तर तिचे फळ संपलेले, हॉथॉर्नवाली लवकर आली तर तिचे फळ कच्चे. अळी फळातून जमिनीत उतरते, कोष करते आणि हिवाळा झोपेत काढते. सफरचंदातून उतरलेल्या कोषाला थंडी पडेपर्यंत उन्हाळ्याचे जास्त दिवस काढावे लागतात. त्याची झोप पुरेशी गाढ नसली तर तो अवेळी जागा होतो आणि मरतो. निवडीचा हा दाब दरवर्षी, प्रत्येक कोषावर पडतो.

आणि तरीही दोन्ही गट एकमेकांत मिसळतात. खुणा करून सोडलेल्या माश्यांचा माग काढल्यावर ही सरमिसळ पिढीमागे चार ते सहा टक्क्यांच्या घरात निघाली. जुन्या हिशेबाने एवढी देवघेव दोन गटांना काही पिढ्यांत एक करायला पुरेशी होती. पण १९८८ पासून पुढे आलेल्या आनुवंशिक पुराव्यांत दोन्ही गटांतला फरक वर्षानुवर्षे टिकून असल्याचे दिसते. डाव पिसला जातो आणि निवड तो पुन्हा लावून देते.

या गोष्टीत एक वळण पुढे सापडले. फळ पिकण्याच्या काळाशी जुळवून घेणारी जनुके ज्या गुणसूत्रखंडांत आहेत त्यांतले काही खंड उलटे बसलेले आहेत. गुणसूत्राचा तुकडा असा उलटला की त्या भागात फेरमांडणी जवळपास थांबते आणि आतली जनुके एका गठ्ठ्यात पुढे जातात. फेल्सेनस्टाइनच्या आक्षेपाला हे दुसरे उत्तर. पण २००३ मध्ये कळले की हे उलटे खंड सफरचंदाच्या आगमनाहून कितीतरी जुने आहेत. त्यांचा उगम मेक्सिकोच्या उंच पठारावरच्या माश्यांत आहे आणि ते लाखो वर्षांपूर्वी वेगळे होऊन नंतर उत्तरेकडच्या समूहात मिसळले. म्हणजे भूगोलाशिवाय घडणाऱ्या उत्क्रांतीचा जो नमुना म्हणून ही माशी मिरवली गेली, तिच्या शिदोरीतही जुन्या ताटातुटीने दिलेला माल होता. मायर आणि वॉल्श यांच्यातला वाद इथे निकाली निघत नाही, त्याची मांडणीच बदलते. एकाच वंशाच्या प्रवासात विलग होण्याचे आणि मिसळण्याचे कालखंड आलटून पालटून येतात, आणि प्रत्येक कालखंड पुढच्यासाठी काही ठेवून जातो.

माशी वेगळी होत असताना तिच्यावर जगणाऱ्यांचे काय झाले? तिच्या अळीत अंडी घालणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या आहेत; त्याही फळाच्या वासाने यजमान शोधतात. २००९ मध्ये त्यांतली एक प्रजाती आणि २०१५ पर्यंत तीन प्रजाती फळांनुसार फुटत असल्याचे दाखवले गेले. एका झाडाच्या आगमनाचा परिणाम आधी माशीपर्यंत आणि माशीतून तिच्या शत्रूंपर्यंत पोचला. जैवविविधता कशी साचत जाते याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला विचारांची दिशा आणखी एका बाजूने बदलली. चुंग-ई वू यांनी २००१ मध्ये प्रजातींचे वेगळेपण संपूर्ण जीवाच्या ऐवजी जनुकांच्या पातळीवर पाहावे असे सुचवले. दोन समूहांत मीलन होत असते तेव्हा सगळी जनुके सारख्याच सहजतेने पलीकडे जात नाहीत. जी दोन्हीकडे चालतात ती बिनदिक्कत ये-जा करतात. जी एकीकडे तारक आणि दुसरीकडे मारक असतात ती सीमेवर अडतात. असे असेल तर जनुकसंचाचा बहुतांश भाग एकसारखा असूनही दोन प्रजाती स्वतंत्र राहू शकतात. संपूर्ण जनुकसंच वाचण्याचे तंत्र स्वस्त होत गेले तशी ही गोष्ट प्रत्यक्ष पाहता येऊ लागली.

युरोपातल्या कावळ्यांनी तिचे सर्वांत ठसठशीत दर्शन घडवले. पश्चिमेकडे, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीत, संपूर्ण काळा कावळा आढळतो. पूर्वेला आणि उत्तरेला राखाडी अंगाचा, काळे डोके आणि काळे पंख असलेला. महाराष्ट्रातल्या गावकावळ्याची राखी मान पाहून वाचकाला त्याची आठवण होईल, पण तो निराळा पक्षी. युरोपातल्या या दोन कावळ्यांचे प्रदेश एका अरुंद पट्ट्यात एकमेकांना भिडतात. त्या पट्ट्यात त्यांच्या जोड्या जमतात आणि त्यांची धडधाकट, मधल्या रंगाची पिल्ले पुढे प्रजननही करतात. मग एव्हाना सगळे एकरंगी का झाले नाहीत? योखेन वोल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये साठ कावळ्यांचे जनुकसंच वाचून पाहिले. दोन्ही गटांना निरपवादपणे वेगळे करणाऱ्या ८२ जागा सापडल्या आणि त्यांतल्या ८१ एकाच, अठराव्या, गुणसूत्राच्या एका छोट्या भागात होत्या. हा भाग पिसांच्या रंगाशी निगडित आहे. बाकी सगळीकडे जनुके इतकी मिसळलेली की जर्मनीतला काळा कावळा स्पेनमधल्या काळ्या कावळ्यापेक्षा राखी कावळ्याला आनुवंशिकदृष्ट्या जवळचा निघाला. कावळे बहुधा आपल्यासारख्या दिसणाऱ्यालाच जोडीदार म्हणून पसंत करतात. रंगाची मूठभर जनुके अडून राहतात, उरलेला सगळा जनुकसंच ये-जा करतो.

इथे सावधगिरीचा एक शब्द आवश्यक आहे. मलेरिया पसरवणाऱ्या आफ्रिकी डासांच्या दोन रूपांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा फरकाच्या अशा मोजक्या जागांना जनुकसंचातली बेटे म्हटले गेले आणि त्यानंतर प्रत्येक प्राण्यात बेटे शोधण्याची लाट आली. पुढे मॅथ्यू हान यांच्यासारख्या, त्या पहिल्या अभ्यासातच सहभागी असलेल्या, संशोधकांनीच बजावले की अशी उंचवट्याची जागा दिसली म्हणजे तिथे जनुकप्रवाह अडला असे लगेच मानू नये. जिथे फेरमांडणी मुळातच कमी होते तिथे निवडीमुळे विविधता घटते आणि फरक मोठा भासतो; दोन समूहांत काही देवघेव नसतानाही असे होते. त्या डासांतही पुढे फरक अधिक विस्तृत निघाला, आणि सफरचंदाच्या माशीत तर निवडीच्या खुणा जनुकसंचभर पसरलेल्या सापडल्या. कावळ्याचे उदाहरण देखणे आहे, पण तेच सार्वत्रिक नव्हे.

फुलपाखरांकडे वळले की चित्र आणखी गुंतागुंतीचे, आणि खरे तर आणखी सुंदर, होते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत हेलिकोनियस वंशाची फुलपाखरे कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलींवर वाढतात. ती पक्ष्यांना विषारी असतात आणि पंखांवरच्या लाल, पिवळ्या, पांढऱ्या नक्षीतून तसे बजावतात. एका भागातले पक्षी ठरावीक नक्षी ओळखायला शिकतात. त्यामुळे एकाच भागात राहणाऱ्या निरनिराळ्या प्रजाती सारखीच नक्षी घेऊन वावरतात. संकरातून झालेल्या फुलपाखराच्या पंखांवर मधलीच कुठली तरी नक्षी येते. ती कोणत्याच पक्ष्याच्या ओळखीची नसते आणि त्याचा बळी जास्त वेळा जातो. त्यातच नर मादीला तिच्या नक्षीवरून ओळखतो. जगण्याचा गुण आणि जोडी जमवण्याची खूण पुन्हा एकाच जागी! इतकेच नाही, तर लाल नक्षी ठरवणाऱ्या जनुकाच्या अगदी शेजारीच तिची आवड ठरवणारा जनुकखंडही आढळला आहे. शेजारी असलेल्या जनुकांची फेरमांडणीत ताटातूट क्वचितच होते.

पण या फुलपाखरांनी संकराची दुसरी बाजूही उघड केली. २०१२ आणि २०१३ मधल्या अभ्यासांत दिसले की, एकाच भागात राहणाऱ्या दोन प्रजातींत जनुकसंचाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग देवघेवीच्या खुणा दाखवतो, आणि एका प्रजातीने नक्षीचे जनुकच दुसरीकडून घेतलेले असते. २०२४ मध्ये कोलंबियातल्या फुलपाखरांविषयी असे कळले की, लाल रंगाची आवड ठरवणारे जनुकही अशाच संकरातून एका प्रजातीतून दुसरीत गेले आहे. मिसळण्याने प्रजाती पुसल्या जातात हे अर्धेच सत्य झाले. त्यातून नव्या प्रजातीला लागणारा कच्चा मालही मिळतो.

माणसाच्या बाबतीतही असेच घडले आहे. स्वांते पेबो यांच्या गटाने २०१० मध्ये निअँडरथाल मानवाच्या जनुकसंचाचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत त्याचा अंश असल्याचे स्पष्ट झाले. हा अंश सुमारे दोन टक्के आहे. हा लेख वाचणाऱ्या बहुतेक मराठी माणसांच्या पेशीपेशीत तो असणार. विशेष म्हणजे तो सगळीकडे सारखा पसरलेला नाही. एक्स गुणसूत्रावर आणि वृषणात कार्यरत असणाऱ्या जनुकांच्या आसपास निअँडरथाल अंश फारच थोडा उरला आहे. संकरित पुरुषांच्या प्रजननक्षमतेला तिथे काही बाधा येत असावी असा त्याचा अर्थ लावला जातो. दुसरीकडे त्वचा, केस आणि रोगप्रतिकार यांच्याशी संबंधित काही जनुके टिकून राहिली. कावळ्यांत आणि माश्यांत दिसलेली चाळण इथेही काम करून गेली आहे.

दोन समूह किती दूर गेले म्हणजे ही देवघेव संपते? २०१६ मध्ये फ्रेंच संशोधकांनी प्राण्यांच्या ६१ जोड्यांची तुलना करून एक धूसर पट्टा दाखवून दिला. आनुवंशिक अंतर साधारण अर्धा ते दोन टक्के असते तेव्हा काही जोड्या अजून जनुके देतघेत असतात आणि काहींचे व्यवहार संपलेले असतात. त्या पट्ट्यातल्या समूहांना एक म्हणावे की दोन, यावर वर्गीकरण करणारे भांडत राहतात. हा गोंधळ अभ्यासकांच्या अज्ञानातून आलेला नाही. प्रजाती हळूहळू घडतात, म्हणून मधल्या अवस्था असणारच.

सह्याद्रीत हिवाळ्यात उतरणारा एक चिमुकला पाहुणा अशाच मधल्या अवस्थांमुळे प्रसिद्ध झाला. ग्रीनिश वॉर्बलर हा वटवट्यांपैकी हिरवट रंगाचा पक्षी थंडीत भारतीय द्वीपकल्पातल्या झाडांवर किडे टिपतो आणि उन्हाळ्यात उत्तरेला प्रजननासाठी जातो. त्याचे प्रजननाचे प्रदेश तिबेटच्या पठाराला वळसा घालतात. हिमालयातून पश्चिमेच्या बाजूने आणि पूर्वेच्या बाजूने उत्तरेकडे जावे तसे त्याचे गाणे टप्प्याटप्प्याने लांब आणि गुंतागुंतीचे होत जाते, पण दोन्ही बाजूंना निरनिराळ्या रीतीने. सायबेरियात ही दोन टोके भेटतात तेव्हा ती एकमेकांच्या गाण्याला ओळख देत नाहीत. डॅरेन अर्विन यांनी २००१ मध्ये हे गाणे मोजून दाखवले. २०१४ च्या जनुकीय अभ्यासाने मात्र त्या साखळीत जुन्या काळचे खंड आणि नंतरची सरमिसळ, दोन्ही दाखवले. अखंड साखळीची देखणी कल्पना त्यामुळे थोडी खडबडीत झाली, आणि अधिक विश्वासार्हही.

वनस्पतींतले सर्वांत गाजलेले उदाहरण ऑस्ट्रेलियापासून सुमारे ५८० किलोमीटरवरच्या लॉर्ड हाउ बेटावरचे आहे. शहरांतल्या दिवाणखान्यांत कुंडीत दिसणारा केंटिया पाम मूळचा तिथला. बेट इतके लहान की वाऱ्यावर उडणारा पराग त्याच्या कुठल्याही कोपऱ्यात पोचावा. तरी तिथे या पामच्या दोन प्रजाती शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक चुनखडीयुक्त जमिनीवर वाढते, दुसरी मुख्यतः ज्वालामुखीच्या मातीत. २००६ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार मातीच्या फरकाने फुलण्याचा काळ बदलला, आणि दोन्हींचा बहर आता सुमारे सहा आठवड्यांच्या अंतराने येतो. माती बदलली की मुहूर्तही बदलतो, आणि मुहूर्त बदलला की पराग जुळत नाही.

जनुकप्रवाह मदत कशी करतो हे प्रत्यक्ष घडताना पाहायचे असेल तर स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर जावे. तिथल्या खडकांवरच्या एका समुद्री गोगलगायीची दोन रूपे आहेत. खेकड्यांचा वावर असतो तिथे ती मोठी, जाड कवचाची आणि भित्री. लाटा आदळतात तिथे छोटी, पातळ कवचाची, खडकाला घट्ट धरून राहणारी आणि धीट. १९८८ मध्ये विषारी शेवाळाच्या उद्रेकाने काही खडकांवरच्या गोगलगायी नष्ट झाल्या. १९९२ मध्ये शेर्स्टिन योहानेसन यांनी अशा एका लाटांच्या खडकावर खेकड्यांच्या किनाऱ्यावरच्या ७०० गोगलगायी नेऊन सोडल्या. तीस वर्षांत त्यांच्या वंशजांचे आकार, कवच, रंग आणि उलट्या गुणसूत्रखंडांचे प्रमाण लाटांकडच्या रूपाकडे झुकले. मूळ समूहात विरळ असलेली जनुके तिथे बळावली आणि जवळच्या लाटांच्या खडकांवरून आलेल्या थोड्या जनुकांनीही हातभार लावला. २०२४ मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. एका संशोधकाच्या कारकिर्दीत मावेल इतक्या काळात हे घडले, हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

आता शेवटचा, आणि सर्वांत काळजीचा, भाग. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सिक्लिड माशांच्या शेकडो प्रजाती आहेत. सरोवर सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी कोरडे पडले होते, म्हणजे या प्रजातींचे वय त्याहून फार नसावे. ओले झेहाउझेन यांच्या गटाच्या २०१७ च्या अभ्यासानुसार या सगळ्या वैविध्याच्या मुळाशी दोन दूरच्या वंशांचा जुना संकर आहे. या माशांतल्या एका जोडीत एका प्रजातीचा नर निळसर असतो आणि उथळ पाण्यात राहतो, दुसरीचा लाल आणि थोडा खोल. खाली गेले की पाण्यातून पोचणारा प्रकाश तांबूस होत जातो. तिथल्या माशांच्या डोळ्यांतली ऑप्सिन प्रथिने त्या प्रकाशाशी जुळवून घेतात आणि तांबूस प्रकाशात लाल नर मादीला उठून दिसतो. डोळा भोवतालाशी जुळला की त्याच डोळ्याने जोडीदाराचीही निवड होते. फेल्सेनस्टाइनच्या आक्षेपाचे हे अतिशय नाजूक उत्तर आहे.

नाजूक अशासाठी की ते पाण्याच्या स्वच्छतेवर अवलंबून आहे. प्रयोगशाळेत पांढऱ्या प्रकाशात माद्या आपापल्या रंगाचा नर अचूक निवडतात. प्रकाश एकरंगी नारिंगी केला की ही निवड ढासळते. सरोवराकाठची शेती आणि वस्ती वाढली, पोषक द्रव्ये पाण्यात उतरली, शैवाल माजले आणि पाणी गढुळले. जिथे पाणी गढूळ तिथे रंग फिके, मधल्या रूपांचे मासे जास्त आणि सहअस्तित्वात असलेल्या प्रजातींची संख्या कमी, असे झेहाउझेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच दाखवून दिले. प्रजाती नष्ट होते म्हटल्यावर शिकार आणि जंगलतोड डोळ्यांपुढे येते. इथे मासे मरतही नाहीत. ते एकमेकांत विरघळतात आणि हजारो वर्षांत साठलेला फरक काही पिढ्यांत पुसला जातो.

कॅनडात व्हँकुव्हर बेटावरच्या एनोस तळ्यात नेमके असेच झाले. हिमयुगानंतर या भागातल्या काही तळ्यांत स्टिकलबॅक या छोट्या माशाच्या जोड्या घडल्या: एक धिप्पाड, तळाशी चरणारा, दुसरा सडपातळ, उघड्या पाण्यातले सूक्ष्मजीव टिपणारा. त्यांचे संकर दोन्ही ठिकाणी कमी पोसले जातात, म्हणून फरक टिकून राहतो. १९९० च्या दशकात एनोस तळ्यात बाहेरचा क्रेफिश शिरला, तळाची वनस्पती उद्ध्वस्त झाली आणि पाणी गढुळले. २००६ पर्यंत जनुकीय तपासणीत दोन गट ओळखता येईनासे झाले होते. जवळच्या लास्केटी बेटावरच्या हॅडली तळ्यात तर बाहेरून सोडलेल्या बुलहेड माशाने अख्खी जोडीच संपवली. टेक्साडा बेटावरच्या पॅक्स्टन तळ्यातली जोडी आजही वेगळी आहे आणि कॅनडाच्या कायद्याने दोन्ही मासे संकटग्रस्त म्हणून नोंदले आहेत. त्यांना जपायचे तर माशांची संख्या मोजत बसून भागत नाही. तळाच्या वनस्पती, पाण्याची नितळता आणि परक्या जीवांना केलेला मज्जाव, या सगळ्यांवर नजर ठेवावी लागते. या माशांमधली सीमा तिथल्या पाण्याने आखलेली आहे.